जुन्या वाद्यांवरचं बरोक ऑर्केस्ट्रा संगीत: कान कुठून लावायला सुरुवात करू?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी.

बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंवर (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्या सहा रचना) माझा फार जीव आहे, आणि तो जडला कार्ल रिश्टरच्या म्युनिक बाख ऑर्केस्ट्रामुळे. १९६७ सालचं ते ध्वनिमुद्रण. तंतुवाद्यांचा भरदार आवाज, ठाम लय, लखलखीत ट्रम्पेट. सहाही कॉन्चेर्तो मला त्याच वळणाने पाठ आहेत.

पण जिथे वाचावं तिथे एकच सल्ला दिसतो, की बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत, ऐकायचं तर त्या काळच्या वाद्यांवरचं ऐका. म्हणून निकोलाउस हार्नोनकूर आणि त्याच्या कॉन्सेन्टुस म्युझिकुस या वाद्यवृंदाचं १९६४ सालचं ब्रांडेनबुर्ग लावलं. पहिल्या कॉन्चेर्तोच्या पुढे जाववलं नाही. व्हायोलिन बारीक आणि कोरडी वाटली. दोन्ही शिंगं (हॉर्न) मध्येच सुरावरून सरकतात आणि ते कानाला टोचतं. भरीला सगळंच माझ्या ओळखीच्या पट्टीपेक्षा खाली.

तेव्हा जाणकारांना विचारतो. या वाद्यांत नेमकं काय ऐकायचं असतं? सुरुवात कुठल्या ध्वनिमुद्रणापासून करावी? आणि शिंगं मुळातच अशी वाजतात, की वाजवणारे कमी पडले?

रिश्टरला नावं ठेवू नका एवढीच विनंती.

तिसरी_घंटा

ट्रेव्हर पिनॉक, इंग्लिश कॉन्सर्ट, १९८२, आर्काइव्ह या कंपनीचं. डोळे मिटून घ्या. सूर स्वच्छ आहेत, लय नाचरी आहे, कुठेही आव आणलेला नाही. हार्नोनकूर नंतर ऐका. त्याच पिनॉकने २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतले वादक जमवून सहाही कॉन्चेर्तो पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते जास्त सैल आणि प्रेमळ आहेत, पण पहिल्यांदा ऐकायला १९८२चेच बरे.

व्हायोलावाली

मंद्रसप्तक, तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

मी व्हायोला (व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुरांचं भावंड) वाजवते. आधी बरीच वर्षं पोलादी गाभ्याच्या तारांवर आणि आधुनिक गजाने वाजवली, नंतर आतड्याच्या तातीवर आणि बरोक गजाने. त्यामुळे कुठल्याही ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण मी मधून ऐकते. वरची चाल सगळ्यांनाच ऐकू येते आणि खालचा खर्जही लपत नाही. मधल्या आवाजांचं काय होतं, यावर माझ्या लेखी ध्वनिमुद्रण चांगलं की वाईट ते ठरतं. जुन्या वाद्यांनी मला काय दिलं असेल, तर हे मधलं घर उघडून दिलं.

ते कसं होतं ते सांगते. आज आपण जो गज वापरतो त्याचं रूप पॅरिसमध्ये फ्रांस्वा तूर्त या गज बनवणाऱ्या कारागिराच्या हातून १७८०च्या दशकाच्या आसपास ठरलं. त्याची काडी केसांच्या बाजूला आत वळलेली असते आणि टोकाला वजन असतं, म्हणून सूर मुळापासून टोकापर्यंत एकसारखा ओढता येतो. त्याआधीच्या गजाची काडी सरळ किंवा बाहेर फुगलेली, टोक हलकं. त्याने काढलेला सूर सुरू होतो, फुलतो आणि आपला आपण ओसरतो. खाली येणारा गज वजनदार, वर जाणारा हलका, हा फरक झाकायचा नसतो, वापरायचा असतो. संगीतकार गेओर्ग म्युफाट यांनी १६९८ साली फ्रेंच दरबारी संगीतकार लुलीच्या वादकांची गज चालवण्याची पद्धत चार भाषांत छापून ठेवली. प्रत्येक मापाची (तालाच्या आवर्तनाची) पहिली मात्रा खाली येणाऱ्या गजाने वाजवायची हा तिचा पाया आहे. नाचाची लय वादकाच्या दंडात जाऊन बसते ती तिथून.

आता तारा. आतड्याची तात पोलादापेक्षा कमी ताणाची असते आणि गज टेकताक्षणी ती चटकन बोलते, सुराच्या आधी एखादं व्यंजन उच्चारल्यासारखी. तुम्हाला जो कोरडेपणा वाटला तो बहुधा हाच. सूर लवकर ओसरतो म्हणून दोन सुरांमध्ये फट राहते आणि त्या फटीतून मागची वाद्यं दिसतात. आधुनिक तंतुवाद्यांचा आवाज अखंड असतो. तो सुंदर आहे, पण सगळी जागा तोच व्यापतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांची मान लांब करून मागे झुकवली गेली, पेटीच्या आतली पट्टी जाड केली गेली. स्त्रादिव्हारीची म्हणून आज आपण जी वाद्यं ऐकतो तीही बहुतेक अशी बदललेली असतात. हे सगळं मोठ्या दालनात आवाज मागपर्यंत पोचावा म्हणून झालं, आणि तो पोचलाही. त्याची किंमत मधल्या आवाजांनी मोजली.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिल्या कॉन्चेर्तोला तूर्त हात लावू नका. सहावा लावा. त्यात व्हायोलिनच नाही. दोन व्हायोला, दोन व्हिओला दा गाम्बा (गुडघ्यांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य), एक चेलो, खाली व्हिओलोने (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं, पियानोसारखं वाद्य). पहिल्याच मापात दोन्ही व्हायोला एकच चाल वाजवतात, पण दुसरी पहिलीच्या मागे फक्त अर्ध्या मात्रेने. गाम्बा त्या काळी प्रतिष्ठेचं एकल वाद्य होतं आणि व्हायोला मधली जागा भरणारं. बाखने इथे गाम्बांना एकसुरी साथ दिली आणि व्हायोलांना पुढे आणलं. मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याने वडिलांविषयी लिहून ठेवलं आहे की त्यांना वादकांत बसायचं तर व्हायोला वाजवायला सर्वांत जास्त आवडायचं. सहावा ऐकताना त्याचा अर्थ कळतो. मधे बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचं ऐकू येतं.

हाच सहावा आधी तुमच्या रिश्टरचा ऐका, मग पिनॉक १९८२ ऐका, आणि मग राइनहार्ड ग्योबेलच्या मुझिका आन्टिक्वा क्योल्नचा, १९८६–८७ मधला. रिश्टरमध्ये दोन व्हायोलांचा मिळून एक रुंद पडदा होतो. पिनॉककडे दुसरी पहिलीच्या पाठोपाठ येताना स्वच्छ ऐकू येते. ग्योबेलने पहिली मूव्हमेंट (रचनेचा पहिला भाग) इतकी जलद घेतली आहे की अनेक ऐकणाऱ्यांना ती अजूनही सहन होत नाही. मला ती आवडते. त्या वेगात पाठलागाला पाठलागाची धग येते आणि तातीच्या तारा असल्यामुळे एवढ्या धावपळीतही एकेक सूर सुटा राहतो. पोलादी तारांवर त्या वेगाला नुसता गलका होईल. आणि मधली मूव्हमेंट सोडू नका. तिथे गाम्बा गप्प असतात, फक्त दोन व्हायोला आणि खालची साथ. तिथे पिनॉककडे परत या, ग्योबेल तिथेही मला जरा घाईत वाटतो.

शिंगांबद्दल इथे कोणीतरी फुंकवाद्यवाला लिहीलच, पण एक गोष्ट मी सांगते. १९६४चे ते वादक रस्ता शोधत होते. हार्नोनकूर तेव्हा व्हिएन्ना सिम्फनीत चेलो वाजवायचा, १९६९ पर्यंत ती नोकरी त्याने सोडली नव्हती. कॉन्सेन्टुस म्युझिकुस १९५३ मध्ये सुरू झालं आणि पहिला जाहीर कार्यक्रम झाला १९५७ मध्ये. मधली वर्षं ही मंडळी दिवसा आधुनिक ऑर्केस्ट्रात बसून उरलेल्या वेळात जुनी वाद्यं आणि जुने ग्रंथ समजून घेत होती. त्या ध्वनिमुद्रणात सुरांची सफाई कमी आहे हे खरंच. पण सुरांचं प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतो आणि कुठे श्वास घेतो, हे त्यांनी जितकं ठामपणे मांडलं तितकं त्याआधी मला फारसं कुठे ऐकायला मिळालं नाही. त्यांच्याकडे परत जाल तेव्हा त्यासाठी जा.

आणि विवाल्दीचं एक. *चार ऋतूं*मधल्या वसंताच्या संथ मूव्हमेंटमध्ये गुराखी झोपलेला आहे. एकल व्हायोलिन म्हणजे तो, बाकीच्या व्हायोलिन म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हायोला म्हणजे भुंकणारा कुत्रा. विवाल्दीने व्हायोलाच्या ओळीवर स्पष्ट लिहिलं आहे की हे कायम खूप जोरात आणि फाडल्यासारखं वाजवा. आधुनिक ऑर्केस्ट्रांच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत हा कुत्रा इतका सभ्य असतो की तो आहे हेच कळत नाही. झोपेचं दृश्य बिघडू नये म्हणून त्याला गप्प केलेलं असतं. हार्नोनकूरचं १९७७चं घ्या, त्यात एकल वादन आलिस हार्नोनकूरचं आहे. किंवा इल जार्दिनो आर्मोनिकोचं १९९३चं घ्या, एन्रिको ओनोफ्री एकल वादक. तिथे कुत्रा भुंकतो आणि तरीही गुराखी झोपलेला राहतो. ही गंमत विवाल्दीने लिहिली होती, ती इतकी वर्षं आपल्याला ऐकूच आली नव्हती. *चार ऋतूं*चं कुठलंही नवं ध्वनिमुद्रण हाती आलं की मी आधी त्या कुत्र्याकडे जाते.

दुहेरी_पत्ती

व्हायोलाताईंनी बोलावलंच आहे तर शिंगांचं मी सांगतो. माझं वाद्य ओबो (सनईच्या जातीचं, दुहेरी पत्तीचं), पण ऑर्केस्ट्रात शिंगांच्या शेजारी बसून बसून त्यांची दुखणी कळतात.

बरोक काळातल्या शिंगाला आणि ट्रम्पेटला झडपा नाहीत. झडपा आल्या १८१५च्या सुमारास. त्याआधी ती एक लांब नळी, आणि ओठांनी तिच्यातून निसर्गतः निघतील तेवढेच सूर. त्यातला अकरावा आणि तेरावा सूर आपल्या सप्तकात नीट बसत नाही. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध लोंबकळतो. वादकाने तो ओठांनी वर किंवा खाली ओढून घ्यायचा. शिंगात उजवा हात घालून सूर सुधारायची रीत पुढे अठराव्या शतकात रुळली. तेव्हा तुम्हाला जे सरकणं टोचलं त्यात थोडा वाटा वादकाचा आहे आणि बराचसा नळीचा.

पहिल्या ब्रांडेनबुर्गमध्ये तर बाखने शिंगांना मुद्दाम परकं ठेवलं आहे. बाकीची वाद्यं मात्रेचे दोन-दोन, चार-चार भाग करतात आणि ही दोन शिंगं शिकारीची हाक घेऊन तीन-तीनच्या तुकड्यांत मध्ये घुसतात. रानातली माणसं दरबारात शिरलेली आहेत. ती अगदी गुळगुळीत वाजली तर मला त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

ट्रम्पेटवाल्यांनी मात्र एक मधला मार्ग काढला आहे आणि तो ऐकणाऱ्यांना माहीत असावा. १९६०च्या आसपास ओटो श्टाइनकोप्फ यांनी नळीला बोटांनी झाकायची छोटी छिद्रं पाडायची युक्ती आणली. छिद्र उघडलं की नको ते सूर बाजूला होतात आणि सुरेल वाजवणं सोपं जातं. ‘नैसर्गिक ट्रम्पेट’ असं सीडीवर लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा ही छिद्रं असतात. बाखच्या काळी ती नव्हती. छिद्रांशिवाय दुसरा ब्रांडेनबुर्ग ऐकायचा असेल तर सिगिसवाल्ड कौकेनच्या ला पतीत बांद या वाद्यवृंदाचं २००९चं ध्वनिमुद्रण शोधा. ट्रम्पेट झाँ-फ्राँस्वा मादफ. लखलखाट कमी आहे आणि धोका प्रत्येक मापात आहे. पण त्या कॉन्चेर्तोत एकल वाद्यं चार आहेत: ट्रम्पेट, रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी), ओबो, व्हायोलिन. आधुनिक ट्रम्पेटपुढे बिचारा रेकॉर्डर नुसता दिसतो, ऐकू येत नाही. झडपांशिवायचा ट्रम्पेट गोल आणि मऊ वाजू शकतो, मग चौघं एका टेबलाशी बसून बोलल्यासारखे वाटतात. बाखने ही चार वाद्यं एकत्र का आणली, हा प्रश्नच मग पडत नाही.

आणि ओबोवाल्याला न विचारता *फायरवर्क्स*बद्दल कोणी बोलू नये! हान्डेलने ते १७४९ मध्ये लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या आतषबाजीसाठी लिहिलं. राजाला तंतुवाद्यं नको होती, सैनिकी वाद्यंच हवी होती. मूळ लेखनात २४ ओबो, १२ बसून (ओबोच्या घराण्यातलं खर्जाचं वाद्य), ९ ट्रम्पेट, ९ शिंगं आणि टिंपनी नगाऱ्यांच्या तीन जोड्या असा ताफा आहे. आपण एरवी ऐकतो ते तंतुवाद्यांसकटचं नंतरचं रूप. १९५९ साली हान्डेलच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली तेव्हा चार्ल्स मॅकेरासने आधुनिक वाद्यांवर हा प्रचंड ताफा उभा केला. इतके ओबोवादक एकदम मोकळे सापडणार कधी, तर रात्री सगळ्यांचे कार्यक्रम आटोपल्यावर. म्हणून ते ध्वनिमुद्रण रात्री झालं. जुन्या वाद्यांवर रॉबर्ट किंगच्या किंग्ज कॉन्सर्टने १९८९ मध्ये हायपेरियन कंपनीसाठी ते केलं. बरोक ओबोला किल्ल्या दोन-तीनच, शरीर बहुधा बॉक्सवूडचं, पत्ती रुंद. एकट्याचा आवाज कोवळा, पण चोवीस एकत्र आले की छातीत घुमतो.

त्याच्यापुढे जायचं असेल तर एर्व्हे निके आणि ल कॉन्सेर स्पिरित्युएल यांचं २००२च्या सुमाराचं ग्लोसा कंपनीचं ऐका. तिथे ट्रम्पेट आणि शिंगांना छिद्रंही नाहीत, अकरावा सूर जसा निघतो तसाच सोडलेला आहे. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होईल. मंद्रसप्तक, तुमच्यासाठी हे सगळ्यात शेवटी!

शंकेखोर

चर्चा छान चालली आहे, पण एक हरकत नोंदवतो.

‘बाखच्या काळी असंच वाजायचं’ हा दावा कोणी करू नये. रिचर्ड टारुस्किन या अभ्यासकाने १९८०च्या दशकापासून सातत्याने मांडलं की ही तथाकथित अस्सल शैली खरं तर विसाव्या शतकाची आवड आहे. हलकं, वेगवान, भावनेचा गहिवर टाळणारं. जुन्या वाद्यांच्या निमित्ताने आपण आपल्याच काळाचं संगीत वाजवतो. मला ते पटतं. कोलेगिउम आउरेउम या जर्मन वाद्यवृंदाचं उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात दक्षिण जर्मनीतल्या किर्शहाइम वाड्याच्या दालनात त्यांनी जुन्या वाद्यांवर भरपूर ध्वनिमुद्रणं केली. वाद्यं जुनी, पण वाजवण्याची ढब बरीचशी त्या वेळच्या इतर ऑर्केस्ट्रांसारखीच, लांब ओढलेले सूर आणि भरपूर कंप (सूर थरथरवणं). म्हणजे नुसत्या वाद्याने काही होत नाही.

कंपाचंच घ्या. व्हायोलिनवादक जेमिनियानी १७५१ मध्ये लिहितो की कंप जितका जास्त वापराल तितका बरा. तरी आजची बरोक मंडळी कंपाला शक्यतो हात लावत नाहीत.

पट्टीचंही तेच. ४१५ हर्ट्झ ही आज सर्वत्र वापरली जाणारी बरोक पट्टी मुख्यतः सोयीची आहे, कारण ती ४४०च्या जवळजवळ बरोबर अर्धा स्वर खाली येते आणि हार्प्सिकॉर्डची स्वरपट्टी एक घर सरकवली की काम भागतं. खुद्द त्या काळी फ्रान्समध्ये ३९२च्या आसपास, व्हेनिसमध्ये ४४०च्या जवळ आणि जर्मन चर्चच्या ऑर्गनवर ४६५च्या घरात, असा प्रत्येक गावाचा वेगळा हिशेब होता. विवाल्दीला ४१५ मध्ये वाजवणं हे काही फार ऐतिहासिक नाही.

व्हायोलावाली

शंकेखोर, तुमचं जवळपास सगळं मान्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो.

टारुस्किनचं म्हणणं मी अनेकदा वाचलं आणि त्यामुळे ध्वनिमुद्रणं ऐकण्याची माझी पद्धतच बदलली. मी आता सीडीच्या पाठीवर आधी साल बघते. १९६४चा हार्नोनकूर वाक्य कसं बोलायचं ते शोधतो आहे. १९७६–७७ मध्ये गुस्टाव्ह लेओनहार्ट ब्रांडेनबुर्ग करतो तेव्हा फ्रान्स ब्र्युखन, सिगिसवाल्ड कौकेन, आन्नर बिल्स्मा ही मंडळी ही भाषा सहज बोलू लागलेली आहेत, लय सैलावली आहे, कोणालाच काही सिद्ध करायचं नाही. पिनॉकच्या १९८२ मध्ये नव्या डिजिटल ध्वनिमुद्रणाची चकाकी आहे. १९९०च्या दशकात मिलानचं इल जार्दिनो आर्मोनिको येतं आणि गजाचा फटका, अचानक थांबणं, कुजबुज, सगळंच रंगभूमीवर आणतं. डनेडिन कॉन्सॉर्टने २०१३ मध्ये लिन कंपनीसाठी प्रत्येक ओळीला एकच वादक घेऊन ३९२च्या पट्टीत ब्रांडेनबुर्ग केले. आवाज खाली आला की व्हायोला सर्वांत जास्त खुलते, तो सहावा जरूर ऐका. यातलं कुठलंही १७२१ सालचं नाही. बाखने २४ मार्च १७२१ची तारीख घालून ते कॉन्चेर्तो ब्रांडेनबुर्गच्या मार्कग्राफला (तिथल्या सरदाराला) पाठवले, पण ते तिथे वाजले याचा काहीच पुरावा नाही. तेव्हा मूळ आवाजाशी तुलना करायची कशाशी?

पण वाद्याने काही होत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. माझ्या हातात आधी पोलाद होतं, नंतर तात आली, आणि तातीने मला वाजवायला शिकवलं. लांब सूर मी सवयीने जोरात ओढायला जायचे आणि ती तार घसा खरवडून उत्तर द्यायची. गजाचं वजन कमी करून वेग वाढवला की ती गाते. हे मला कुठल्याही ग्रंथाने आधी सांगितलं नव्हतं. वाद्य हट्टी असतं. वादकाने ऐकलं तर ते शैली बदलतं, नाही ऐकलं तर कोलेगिउम आउरेउम होतं. (आणि त्यांचीही काही ध्वनिमुद्रणं मला प्रिय आहेत. त्या दालनाचा घुमारा फार उबदार आहे.)

कंपाबद्दल तुमचं उदाहरण बरोबर आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूला १७५६ मध्ये लेओपोल्ड मोझार्ट सतत थरथरणाऱ्या वादकांना ताप आल्याची उपमा देतो. म्हणजे हा वाद तेव्हाही चालूच होता आणि आपण त्यात एक बाजू घेतली आहे. मी घेतलेली बाजू मधल्या आवाजांसाठी आहे. सगळे एकदम कंप द्यायला लागले की माझा सूर कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांवर एक राग आहे, तोही सांगून टाकते. हार्प्सिकॉर्डच्या पोटात मायक्रोफोन घालू नका! प्रत्यक्ष बैठकीत हार्प्सिकॉर्ड ऐकू येतं त्यापेक्षा जाणवतं, तंतुवाद्यांच्या सुराला ते कडा देतं. काही सीडींवर ते व्हायोलिनच्या पुढे येऊन बसतं आणि व्हायोला पुन्हा गायब. पाचव्या ब्रांडेनबुर्गमध्ये त्याला पुढे आणायचं काम बाखने स्वतः केलेलं आहे. त्या लांब एकल तुकड्यात बाकीचे सगळे थांबतात. तंत्रज्ञाने आणखी मदत करायची गरज नाही.

मंद्रसप्तक

एवढं सगळं मनापासून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे ऐकलं, आता हिशेब देतो.

सहावा आधी रिश्टरचा लावला, मग लगेच पिनॉकचा. व्हायोलाताई, दुसरी व्हायोला मला ऐकू आली! आजवर ती पहिलीची सावली वाटायची. ती वेगळी व्यक्ती आहे आणि जवळजवळ पहिलीच्या टाचेवर पाय ठेवून चालते, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मग पुन्हा रिश्टर लावला, तेव्हा आता तिथेही ती सापडली. ती तिथे होतीच. याचा मला फार आनंद झाला, कारण रिश्टरला सोडावं लागलं नाही.

ग्योबेलच्या पहिल्या मूव्हमेंटला मी अजून तयार नाही. मधल्या संथ मूव्हमेंटबद्दल तुमचं म्हणणं पटलं.

वसंतातला कुत्रा जार्दिनो आर्मोनिकोत ऐकला. दचकलो, आणि मग तीच मूव्हमेंट तीनदा लावली.

दुहेरी_पत्ती, तुम्ही शेवटी ऐका म्हणालात म्हणून निके आधीच लावला, राग मानू नका. ओव्हर्चरमध्ये शिंगं आणि ट्रम्पेट एकदम येतात तिथे अंगावर काटा आला. अकरावा सूर कुठला ते लगेच कळलं. ब्रांडेनबुर्गमध्ये जो टोचला होता तोच सूर इतक्या मोठ्या ताफ्यात टोचत नाही, उलट सगळ्याला एक रानटी तेज येतं. याचं कारण सवय झाली हे, की चोवीस ओबोंनी त्याला सामावून घेतलं हे?

आणि पुढचा प्रश्न: बाख, विवाल्दी, हान्डेल झाले. मधल्या आवाजांसाठी आणखी कुठे जाऊ?

दुहेरी_पत्ती

राग कसला! दोन्ही कारणं आहेत, पण मुख्य म्हणजे तिथे नऊच्या नऊ शिंगं आणि नऊच्या नऊ ट्रम्पेट तोच सूर त्याच जागी वाजवतात. त्यामुळे तो चुकल्यासारखा न वाटता त्या ताफ्याचा स्वभाव वाटतो. ब्रांडेनबुर्गमध्ये दोनच शिंगं आहेत आणि शेजारी ओबो तोच सूर वेगळ्या जागी लावतो, म्हणून खटकतं. आता हार्नोनकूरचा पहिला पुन्हा लावून पाहा.

व्हायोलावाली

मधल्या आवाजांसाठी फ्रान्सला जा, दुसरीकडे कुठेही नाही.

लुलीच्या काळच्या फ्रेंच ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यांच्या ओळी पाच असायच्या. वर दस्यू म्हणजे व्हायोलिन, खाली बास, आणि मध्ये तीन: ओत-कोंत्र, ताय आणि कँत. तिन्ही व्हायोलाचीच भावंडं, तारांचे सूर तेच, पेट्यांचे आकार वेगवेगळे. राजाच्या चोवीस वादकांची वाटणी सहा, चार, चार, चार, सहा अशी होती. म्हणजे निम्मी माणसं मध्ये! लुली बहुधा वरची आणि खालची ओळ स्वतः लिहायचा आणि मधलं भरायचं काम मदतनिसांकडे द्यायचा, तरी त्या मधल्या ओळींचा पोत ऐकला की मला दुसरं काही नको वाटतं. व्हायोलिन कमी आणि मधलं पोट मोठं असल्यामुळे आवाज काळपट, रेशमी येतो. झोर्दी साव्हाल आणि ल कॉन्सेर दे नास्यों यांनी १९९९ मध्ये लुलीच्या सुइटांची (छोट्या नृत्यतुकड्यांच्या माळांची) एक सीडी केली आहे, तिथून सुरुवात करा.

मग झाँ-फेरी रेबेलचं *ले एलेमाँ*, १७३७ सालचं. त्याची सुरुवात म्हणजे सृष्टीपूर्वीचा गोंधळ, आणि तो दाखवायला रेबेल डी मायनरच्या सप्तकातले सगळे सूर एकदम वाजवतो. १७३७ मध्ये! मुझिका आन्टिक्वा क्योल्नचं ऐका. आधुनिक ऑर्केस्ट्रावर तो नुसता मोठा कर्कश आवाज होतो. तातीवर त्या गाठीतला एकेक सूर वेगळा खरखरतो आणि पुढे पाणी, हवा, पृथ्वी, अग्नी एकेक करून सुटे होतात, तेव्हा कशातून सुटे झाले ते आठवत राहतं.

आणि फ्रेंच संगीतकार रामो. ब्र्युखनने आपल्या अठराव्या शतकाच्या ऑर्केस्ट्राबरोबर १९८६ मध्ये *ले बोरेआद*ची सुइट केली. ही मंडळी बहुतेक ध्वनिमुद्रणं प्रत्यक्ष कार्यक्रमांत करायची, त्यामुळे वादक एकमेकांकडे बघून वाजवत आहेत हे ऐकू येतं. रामोने हा ऑपेरा आयुष्याच्या अगदी अखेरीस लिहिला, १७६३ मध्ये त्याच्या तालमी झाल्या आणि तो हयात असताना रंगमंचावर आलाच नाही. त्यातलं *पोलिम्नीचं आगमन* शोधा. मार्क मिन्कोव्स्कीच्या *काल्पनिक सिंफनी* या रामो संकलनातही ते आहे, तिथे जास्त संथ आणि श्वास रोखून धरल्यासारखं. व्हायोलिन उतरत्या पायऱ्यांनी खाली येतात आणि बसून वाद्यं त्यांना खालून उत्तर देतात. दुहेरी_पत्ती, तुमच्या घराण्यातल्या थोरल्याला इतकं सुंदर काम फार कमी जणांनी दिलं आहे.

मंद्रसप्तक, लुली लावाल तेव्हा शक्यतो हेडफोन काढा आणि स्पीकरवर ऐका. पाच ओळी खोलीत पसरल्या की वेगळ्या करणं सोपं जातं. तिन्ही मधल्या ओळींपैकी कुठली आधी कानात आली ते इथे नक्की लिहा. मी कँतवर पैज लावते.